घराला बाहेरून रंग कधी द्यायचा? आधी पश्चिमेची भिंत बघा

बेळगाव : आपल्या भागात घराला बाहेरून रंग कधी द्यायचा हे कॅलेंडर ठरवतं. गणपती, दसरा-दिवाळी, घरातलं लग्न आणि या सगळ्यांच्या वर गावची लक्ष्मीची यात्रा. बेळगाव तालुक्यातल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी भरत नाही, बऱ्याच वर्षांनी एकदा येते. ती ठरली की पै-पाहुण्यांना निमंत्रणं जातात आणि अख्खं गाव एकदम रंगतं. त्या वर्षी पेंटर मिळणं म्हणजे नशीबच. हा हौसेचा भाग आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण भिंतीला कॅलेंडर कळत नाही. कुणाच्या घराला तीन वर्षांतच रंगाची गरज पडते, तर कुणाचं घर सात वर्षांनंतरही धड असतं. गरज नसताना रंग दिला तर पैसे वाया जातात. गरज असताना दिला नाही तर त्याहून जास्त जातात, कारण तेव्हा खर्च रंगाचा राहत नाही, गिलाव्याचा होतो. बाहेरचा रंग म्हणजे भिंतीचं इरलं. इरलं विटलं म्हणून माणूस भिजत नाही, ते फाटलं की भिजतो. म्हणून रंग जुना दिसतोय का, यापेक्षा तो अजून पाणी अडवतोय का, हे बघायला हवं. आणि हे घरातल्या कुणालाही पाच मिनिटांत बघता येतं, त्यासाठी पेंटरला बोलवायची गरज नाही.

चारी भिंती सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत

नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, त्यामुळे आपल्याकडे पावसाचा खरा मारा पश्चिम आणि नैऋत्य बाजूने होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, तिकडे चंदगड, आजरा आणि खाली सावंतवाडी-गोव्यापर्यंत ही झड सगळ्यांच्या ओळखीची आहे. पूर्वी मातीच्या घरांना पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाने गवताची किंवा माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. आता निळी ताडपत्री असते. जुन्या माणसांना कुठली भिंत आधी जाते हे पक्कं माहीत होतं. सिमेंटची घरं आली आणि आपण ते विसरलो.

याच पश्चिमेच्या भिंतीवर मार्च ते मे दुपारचं कडक ऊन असतं. रंगामध्ये ढोबळमानाने दोन गोष्टी असतात, रंग देणारी पूड आणि ती भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. ऊन या चिकट पदार्थाला मारतं आणि पाऊस सुटी झालेली पूड धुऊन नेतो. म्हणजे एकाच भिंतीवर दोन्हीकडून मार. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून तिथे शेवाळ आणि काळे चट्टे जास्त. पूर्वेची भिंत सगळ्यांत सुखी असते.

याचा अर्थ असा की घराचा निकाल पश्चिमेच्या भिंतीवरून लावायचा, दर्शनी भिंतीवरून नाही. आपण रोज दर्शनी भिंत बघतो, ती पूर्वेला असली की 'अजून छान आहे की' म्हणत दोन वर्षं काढतो आणि मागे गिलावा फुगलेला असतो. दुसरा अर्थ असा की दरवेळी सगळं घर रंगवायलाच पाहिजे असं नाही. मधल्या वर्षी फक्त पश्चिमेची भिंत रंगवली तर काही बिघडत नाही. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत घ्यायची, म्हणजे छटेत थोडा फरक असला तरी डोळ्यात भरत नाही. त्यासाठी शेडचा नंबर जपून ठेवावा लागतो. रंगाचं बिल आणि डब्यावरचा नंबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पेंटरच्या लक्षात तो राहत नाही.

गाव कुठलं यावरही बरंच अवलंबून आहे. आमगाव-कणकुंबीचा घाटमाथा हा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. त्याच बेळगाव जिल्ह्यात अथणीकडचा पट्टा कायम पावसाकडे डोळे लावून बसलेला. कणकुंबीच्या घराला आणि अथणीच्या घराला एकच 'दर पाच वर्षांनी' हा नियम लावण्यात अर्थ नाही.

हात, पाणी, चिकटपट्टी आणि टिचकी

पहिली परीक्षा तळहाताची. कोरड्या दिवशी भिंतीवर तळहात जोरात घासा. थोडी पूड हाताला लागली तर घाबरायचं कारण नाही, तीन-चार वर्षं झालेल्या रंगाला ती लागतेच. पण हात खडूने माखल्यासारखा झाला तर चिकट पदार्थ संपला असं समजा. अशा भिंतीवर नवा रंग सरळ मारला तर तो भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटतो आणि पहिल्या-दुसऱ्या पावसात पूड-रंग दोन्ही पापुद्र्यासारखे सुटतात. आधी घासून, धुऊन, वाळवून प्रायमर द्यावाच लागतो.

दुसरी पाण्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेलाभर पाणी भिंतीवर मारा. ते ओघळून खाली गेलं तर रंग शाबूत आहे. मिनिटभरात भिंत गडद झाली, म्हणजे पाणी प्यायली, तर इरलं फाटलेलं आहे. ही परीक्षा माझ्या मते सगळ्यांत भरवशाची, आणि तिला एक पैसा लागत नाही.

तिसरी जिथे रंग फुगल्यासारखा वाटतो तिथली. ब्लेडने एक छोटी फुली मारा, त्यावर खोके बांधायची रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर जुना रंग खरवडल्याशिवाय नवा टिकणार नाही.

चौथी टिचकीची. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने भिंत ठोकत जा. भरीव आवाज वेगळा, पोकळ आवाज वेगळा, कान लगेच ओळखतो. पोकळ वाजतंय तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तो तोडून नवा करायचा, त्यावर रंग मारून काही होत नाही. रस्त्याच्या बाजूला, खास करून छज्जाच्या वर असा पोकळ भाग असेल तर रंगाची वाट न बघता आधी तो उतरवून घ्या. खालून माणसं जातात.

यात रंग विटण्याचा उल्लेख नाही, तो मुद्दाम. नुसता रंग फिका पडला, तर तो शोभेचा प्रश्न आहे, खिशाला परवडेल तेव्हा बघा. भडक लाल आणि चकचकीत पिवळ्या छटा उन्हात लवकर उतरतात. गेरू, पिवडी यांच्या जातीच्या मातकट छटा जास्त टिकतात. शेवाळाचंही तसंच. काळ्या-हिरव्या चट्ट्यांनी घर ओंगळ दिसतं म्हणून लोक लगेच रंग काढतात. आधी ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन बघा (हातमोजे घालून, आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका). खालचा रंग धड निघाला तर एक-दोन वर्षं सहज जातात. मात्र धुवायचा कंटाळा म्हणून शेवाळावरच रंग मारला, तर पुढच्या श्रावणात ते रंगातून वर येणार.

ओल कुठे आहे, त्यावरून कारण कळतं

या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच. रंग बाहेरून येणारं पाणी अडवतो. आतून, वरून किंवा जमिनीतून येणारं पाणी अडवणं त्याचं काम नाही. निम्म्या तक्रारी रंगाच्या नसतातच, त्या गळतीच्या असतात आणि शिव्या रंगाला बसतात.

भिंतीच्या माथ्याला, गच्चीच्या कठड्याखाली ओल असेल तर दोष गच्चीत आहे. कठड्याच्या वरच्या अंगाला भेग असते, किंवा पाणी जाण्याचं भोक पानांनी तुंबलेलं असतं, किंवा गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोल वाटा फुटलेला असतो. गवंड्याचं एक दिवसाचं काम आहे. ते न करता खाली तीन वेळा रंग मारलेली घरं दाखवता येतील.

खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशा उतरल्यासारखे डाग असतील तर खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत आहे, किंवा छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच नाही. खाच नसली की पाणी कडेवरून ठिबकत नाही, उलट फिरून भिंतीवर येतं.

न्हाणीघर-संडासच्या मागची भिंत ओली असेल तर एक गोष्ट बघा, ती एप्रिलमध्येही ओली आहे का? पावसाचा डाग उन्हाळ्यात सुकतो. उन्हाळ्यातही जो वाढतो तो नळाचा किंवा सांडपाण्याचा. तिथे प्लंबर लागणार, पेंटर नाही.

आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ पट्ट्यासारखी ओल, त्यावर मिठासारखा पांढरा खार फुटलेला, रंग पोपड्यांनी सुटलेला, हे जोत्यातून वर चढणारं पाणी. जुन्या घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला नसतो. काही ठिकाणी घर पूर्वीचंच राहिलं आणि रस्ता उंच होत गेला, त्यामुळे पाणी भिंतीला लागून उभं राहतं. इथे 'वॉटरप्रूफ' रंगाचा जाड थर दिला की दुकानदार खूश होतो, पण ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती आणखी वर चढते. तीन फुटांचा पट्टा पाच फुटांचा होतो. आधी भिंतीलगतचं पाणी गटारीकडे काढा, माती खाली उतरवा. खार कोरड्या ब्रशने झाडून काढा. त्यावर पाणी मारलं की तो विरघळून परत भिंतीत जातो.

छज्जाच्या किंवा गॅलरीच्या स्लॅबखाली तपकिरी ओघळ दिसत असतील तर तो रंगाचा विषय उरलेलाच नाही. आतल्या सळ्या गंजताहेत. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचा पापुद्रा खाली पाडतं. त्यावर रंग मारणं म्हणजे धोका झाकणं. तिथे इंजिनियरला दाखवून, सुटलेलं काँक्रीट तोडून, सळी साफ करून दुरुस्ती करावी लागते. सणाच्या घाईत हे नेमकं झाकलं जातं.

भेगांची भाषाही थोडी शिकून घ्यावी. केसासारख्या जाळीदार भेगा गिलाव्याच्या, त्या रंग आणि भरणीने मिटतात. सरळ आडव्या किंवा उभ्या, खांब आणि विटेच्या सांध्यावरून जाणाऱ्या भेगा पुष्कळ घरांत असतात, त्या उघडून लवचिक भरणी घालायची. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या किंवा विटांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेल्या भेगेत एटीएम कार्डाची कड सहज शिरत असेल, तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली तर ती जिवंत आहे. काळ्या मातीवरच्या घरांत अशी भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, कारण ती माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. जिवंत भेगेवर कितीही भारी रंग द्या, ती त्याला फाडून वर येणार.

बघायचं पावसाळ्यात, रंगवायचं हिवाळ्यात

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सुरू असताना घराला एक चक्कर मारा, छत्री धरून. ओल कुठे उठते, पागोळी कुठे भिंतीवर येते, पन्हळ कुठे गळतं, याचे फोटो काढून ठेवा. नोव्हेंबरात हे काही दिसत नाही. पण रंग मात्र तेव्हा देऊ नका. गणपतीच्या आधी आठ दिवस उघडीप मिळाली म्हणून बाहेरून रंग देणारी घरं आपल्याकडे खूप आहेत. दोन-अडीच महिने पाणी प्यायलेली भिंत आठ दिवसांच्या उन्हाने वरवर सुकते, आतून नाही. वरून रंगाचा पडदा बसला की आतली ओल बाहेर येताना त्याला ढकलते आणि फोड येतात. मग परतीचा पाऊस असतो, तो दसऱ्यालाही सोडत नाही. गणपतीला घर उजळायचंच असेल तर आतून रंगवा, दाराची चौकट करा, बाहेरची भिंत नुसती धुऊन घ्या.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत चांगला काळ. एप्रिल-मेमध्ये वळिवाचा भरवसा नाही, आणि तापलेल्या भिंतीवर रंग इतका लवकर वाळतो की नीट पसरत नाही. तेव्हाच काम करायचं असेल तर सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारी पूर्वेची, म्हणजे कायम सावलीतली. डिसेंबर-जानेवारीत उलटं, बेळगावच्या थंडीत सकाळी भिंतीवर दव असतं, ते जाऊ दिल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या लक्ष्मीच्या यात्रा या हिशोबाने भिंतीच्या सोयीच्या ठरतात. फक्त पेंटर आधी बोलून ठेवा.

भिंत आतून वाळली का हे बघायला सोपा उपाय आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. कागदाच्या आत थेंब जमले किंवा भिंत गडद झाली तर अजून थांबा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला तर किमान २८ दिवस द्यायचेच. ओलं सिमेंट तीव्र क्षारयुक्त असतं, ते रंग खातं. दुरुस्ती डिसेंबरात आणि रंग फेब्रुवारीत, असं दोन टप्प्यांत ठरवलं की हे आपोआप जमतं.

खर्चाचा हिशोब वर्षाला मांडा

कॉमर्स शिकलेल्या माणसाला इथे गप्प बसवत नाही. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपापले घाला. समजा तुमच्या घराला बाहेरून रंगाचा एकूण खर्च ६० हजार आहे आणि तो सहा वर्षं टिकतो. म्हणजे वर्षाला १० हजार. हौस म्हणून चौथ्या वर्षीच रंगवलं तर वर्षाला १५ हजार. 'अजून दोन वर्षं ढकलू' म्हणून आठव्या वर्षी रंगवलं, पण तोवर पश्चिमेचा गिलावा सुटला आणि त्याचे ३५ हजार वाढले, तर ९५ हजार भागिले आठ, वर्षाला ११,८७५. वाचले काहीच नाहीत. स्वस्तातला ३५ हजारांचा रंग दोनच वर्षं टिकला तर वर्षाला साडेसतरा हजार. आणि चौथ्या वर्षी फक्त पश्चिमेची भिंत १५ हजारांत करून घेतली आणि बाकीचं घर आठव्या वर्षापर्यंत नेलं, तर ७५ हजार भागिले आठ, वर्षाला ९,३७५. सगळ्यांत महाग कुठला? ओल्या भिंतीवर दिलेला, जो एका पावसात जातो.

रंग किती लागेल हेही घरीच काढता येतं. ३० बाय ४० फुटांचं घर, घेर १४० फूट. दोन मजले आणि कठडा मिळून उंची २३ फूट. गुणाकार ३,२२० चौरस फूट, त्यातून दारं-खिडक्यांचे ३२० वजा केले तर २,९००. बाहेरचा इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हात द्यायला लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो. ५० धरले तर ५८ लिटर, म्हणजे २० लिटरच्या तीन बादल्या. खरबरीत भिंत असेल तर जास्त. एखाद्याने दीड बादलीत घर उरकलं तर एक हातच दिलाय किंवा पाणी भरपूर घातलंय, एवढं कळून घ्या. बादल्या आपल्यासमोर फोडायला सांगा. किती पाणी घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. आणि हो, काही बादल्यांत पेंटरसाठी टोकन निघतं. त्यामुळे तो एखाद्याच कंपनीचा आग्रह धरत असेल तर कारण रंगाचा दर्जा असेलच असं नाही.

रंग सीमेपलीकडून आणला तर स्वस्त पडेल का, असं अनेकजण विचारतात. रंगावर जीएसटी जुलै २०१८ पासून १८ टक्के आहे आणि तो बेळगावला, कोल्हापूरला, पणजीला सारखाच. फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीत, आणि बादली आणायच्या भाड्यात तो बहुधा संपतो.

डब्यावरच्या सात-दहा वर्षांच्या हमीवर घराचं गणित बसवू नका. ती बहुतेक वेळा अटींवर असते, सांगितलेला प्रायमर, सांगितलेले हात, कोरडी भिंत, बिल. भिंतीत आधीच ओल होती असं निघालं की हमी संपली.

माती, चुना आणि जांभा

शहापूर-वडगावची जुनी घरं, खानापूरकडची मातीची आणि कौलारू घरं, गोव्यातली जांभ्याची घरं यांना वेगळा न्याय आहे. मातीची आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिचा स्वभावच तो. तिच्यावर प्लास्टिकसारखा पडदा असणारा इमल्शन किंवा ऑइल पेंट दिला की आत आलेली ओल आतच राहते. रंग तर सुटतोच, पण मातीची भिंत आतून मऊ होत जाते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसत असल्याने कळत नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात मातीच्या भिंती कोसळतात. अशा घराला दरवर्षी किंवा एक वर्षाआड चुनाच बरा. स्वस्त आहे, घरच्या माणसांना जमतो, आणि चुन्यावर शेवाळही सहसा लवकर धरत नाही. इथे 'कधी' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, हात पांढरा होण्याऐवजी मातीचा होऊ लागला की.

जुन्या सिमेंट पेंटचं, ज्याला आपल्याकडे सगळे स्नोसेमच म्हणतात, एक पथ्य आहे. तो दोन-तीन वर्षांचा सोबती. देताना भिंत ओली करावी लागते आणि दिल्यावरही पाणी मारावं लागतं, इमल्शनच्या अगदी उलट. त्याच्यावर किंवा चुन्यावर इमल्शन द्यायचा असेल तर जुना थर घट्ट भिंत लागेपर्यंत खरवडायला हवा. पेंटर मजुरी वाचवायला हे टाळतात आणि वर्षभरात चपातीएवढे पापुद्रे निघतात.

जांभा उघडा ठेवायची आता फॅशन आहे. दिसतो देखणा, पण दगड सच्छिद्र आहे. उघड्या जांभ्याला झडीच्या बाजूने पाणी न धरणारा पारदर्शक लेप काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. परीक्षा तीच, पेलाभर पाणी.

पुरात गेलेल्या घरांबद्दल एक शब्द. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर कृष्णा, दूधगंगा, पंचगंगाकाठच्या गावांत पाण्याच्या खुणा पुसायच्या म्हणून लोकांनी घाईने रंग दिले. पुरात दोन-चार दिवस बुडालेली भिंत वाळायला महिने लागतात. गाळ धुवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, निदान एक उन्हाळा जाऊ द्या.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडच्या आपल्या वाचकांना झडीचा आणि शेवाळाचा त्रास कमी, पण ऊन आणि धूळ जास्त. ग्वाल्हेरला तर उन्हाळा आणि हिवाळा यांतलं अंतर एवढं की भिंत रोज ताणते-आकसते आणि केसभेगा लवकर पडतात. त्यांनी तळहाताच्या आणि भेगांच्या परीक्षेवर भर द्यावा. बडोद्याला पाणी वरून नाही, तर विश्वामित्रीच्या पुराने खालून येतं. तिथे पुरानंतरचा नियम लागू.

काम सुरू करताना

लोखंडी ग्रील आणि गेट भिंतीच्या आधी करा. गंज घासून, रेड ऑक्साइड लावून मग रंग. गंजाचे ओघळ नव्या भिंतीवर आले की सगळी शोभा जाते. जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक. पाणी मारत घासायचं, पोरांना लांब ठेवायचं, घासणीचा कचरा गोळा करून टाकायचा.

परांची बांधताना गल्लीतल्या विजेच्या तारा किती जवळ आहेत ते बघा. आपल्या जुन्या गल्ल्यांत त्या हाताला लागतील इतक्या जवळ असतात. जवळ असतील तर वीज कार्यालयात सांगून तेवढा वेळ लाईट बंद करून घ्यावी. वर चढणाऱ्याला दोरी-पट्टा आहे का, हे विचारायला लाजू नका. तो आपल्या घरासाठी चढलेला असतो.

रंग झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. गार-ओलसर लागलं किंवा कुठे फोड उठला, तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून पेंटरला आणि दुकानदाराला पाठवा. पेंटरचे शेवटचे थोडे पैसे या पावसापर्यंत राखून ठेवायचे हे काम सुरू करतानाच बोलून घेतलं, तर तो परत येतो.